सरळ घरी घेऊन ये

आमच्या तेरेक-बुलाकमध्ये कुणाला घाई असली की लोक म्हणतात, तुरातच्या जीपमधून जा, तो चहालासुद्धा थांबायचा नाही. म्हणतात आणि हसतात. खिंडीवर भट्टीतले गरम सामसे मिळतात, खाली नदीकाठी घोडीचं आंबवलेलं दूध मिळतं, साऱ्या गाड्या तिथे थांबतात. तुरातची थांबत नाही. गावाला ही थट्टा फार आवडते. मला आवडत नाही, कारण ही खोड त्याला माझ्यामुळे लागली आणि ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. माझ्यासमोर मात्र कुणी तो विषय काढत नाही. माझी तेवढी लाज लोकांनी राखली आहे.

तुरात आणि मी एकाच वर्षाचे. उन्हाळ्यात दोन्ही घरची मेंढरं सोंग-कोल सरोवरावर जायची आणि दोन्ही घरांची युर्तं, म्हणजे नमद्याचे गोल तंबू, शेजारी शेजारी उभी राहायची. त्याचा जन्मही तिथलाच, जूनमध्ये अवेळी पडलेल्या बर्फातला. त्याच्या आईने, बुरुल-आपाने, दाईची वाट न बघता सगळं स्वतःच उरकलं आणि तिसऱ्या दिवशी घोडी पिळायला बसली, असं माझी आई सांगायची. तुरात नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. थोरला भाऊ ओमोर शेतीकडे वळला, तुरात डोंगराकडे. त्याला घोडा दिला तरी तो लगाम हातात धरून शेजारून चालायचा. घोड्याला ओझं कशाला, म्हणायचा. चढावर त्याला कधी धाप लागलेली मी पाहिली नाही. मी बरोबर उलटा, बसून बडबडणारा, म्हणून ड्रायव्हर झालो.

अठ्ठाविसाव्या वर्षी तो रशियात गेला आणि सात वर्षं राहिला. छपरांवरचं बर्फ खरवडलं, मालगाड्या रिकाम्या केल्या, काँक्रीट ओतलं. शहरांची नावं विचारली की म्हणायचा, "थंड होतं." मधे एकदाही येता आलं नाही, कागदपत्रांचा असा घोळ होता की बाहेर पडला असता तर परत आत घेतलं नसतं. दर रविवारी आईला फोन करायचा. आपा फोन कानाला न लावता तोंडासमोर धरायची आणि ओरडायची, "बूट ओले ठेवू नकोस." सबंध गल्लीला ऐकू जायचं. रविवारी आपाचे बूट ऐकले की माझे वडील म्हणायचे, झालं, आता जेवायला बसा.

मग एका जुलैत तो निघाला, कायमचा. आधी रेल्वे, मग कझाकस्तानातून एक बस, दुसरी बस, असा सहा दिवसांचा रस्ता. रेल्वेत त्याचा फोन कुणीतरी लांबवला. सोमवारी परक्या फोनवरून माझ्याशी बोलला की बुधवारी पहाटे बिश्केकच्या बसस्थानकावर गाडी घेऊन ये, आणि आपाला सांग, बुधवारी रात्री जेवायला घरी आहे. मी जाऊन सांगितलं. आपाने माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि लगेच चूल सारवायला घेतली.

मंगळवारी सकाळी गाय पिळता पिळता ती बसल्या जागी गेली.

मी निघायच्या तयारीत होतो तेव्हा सागिन काका आमच्या दारात आले. ते आपाचे चुलतदीर, गावातले जाणते. आमच्यात मरणाची बातमी वाटेत सांगत नाहीत. माणूस गावाच्या वेशीवर पोचतो, वडीलधारी त्याला मधे घेऊन बसतात, आधी इकडचं तिकडचं बोलतात, मग सांगतात. मग तो तिथूनच मोठ्याने टाहो फोडत घराकडे येतो. पुरुषमाणसाने मयताच्या दारी मुकाट्याने येणं आमच्यात फार वाईट दिसतं. काकांनी मला नीट समजावलं: ते स्वतः, ओमोर आणि माझे वडील बुधवारी संध्याकाळी वेशीवरच्या पुलावर उभे राहणार होते. माती गुरुवारी दुपारी द्यायची होती, उन्हाळ्याचे दिवस, त्यापुढे ठेवणं शक्य नव्हतं. आणि पहिली मूठ तुरातची पडायला हवी होती. आपा कायम म्हणायची, माझ्यावर पहिली मूठ माझ्या धाकट्याची पडू दे.

"मी कशाला, काका?" मी विचारलं. "दुसऱ्या कुणाला पाठवा."

"तुझं तोंड कधी बंद नसतं," काका म्हणाले. "त्याला संशय यायचा नाही. सांगायचं नाही, थांबायचं नाही. सरळ घरी घेऊन ये."

बुधवारी पहाटे तो बसमधून उतरला. भर जुलैत अंगात जाड हिवाळी जाकीट, हातात एकच पिशवी. आम्ही गळ्यात पडलो. माझ्या तोंडून पहिलं काय निघालं? "अरे, तुझ्या जाकिटाला तरी सांग, आपण घरी आलोय म्हणून." तो हसला. तो हसला तसा मी सुटलोच. सरपंचाची गाय खड्ड्यात पडली ते सांगितलं, जनावरांच्या डॉक्टरच्या तिसऱ्या लग्नाचं सांगितलं. बूमच्या घळीतून गाडी चालली होती, नदी एका बाजूला, कडे दुसऱ्या बाजूला, आणि हा खिडकीतून हात बाहेर काढून वारा धरत होता. मधेच म्हणाला, आपा कशी आहे?

"वाट बघतेय," मी म्हणालो.

हे खोटं आहे असं कुणी म्हणू शकणार नाही, अशी मी माझी समजूत घातली. पुढच्या गावापर्यंत ती पुरली.

कोचकोरला रस्ता फुटतो. डांबरी सडक नारिनकडून वळसा घालून आमच्या गावाला जाते. दुसरा कच्चा रस्ता चढून सोंग-कोलवर जातो आणि पलीकडे मोल्दो खिंडीतून वळणं घेत आमच्याच खोऱ्यात उतरतो. तुरातने माझ्या दंडावर हात ठेवला.

"वरून जाऊ," तो म्हणाला. "रिकाम्या हाताने कसा जाऊ घरी? आपाला हरणगवत लागतं, तेही आमच्या उतारावरचं. बाजारातलं तिच्या छातीला मानवत नाही."

हरणगवत म्हणजे ओव्यासारख्या वासाचं, जांभळ्या तुऱ्यांचं खुरटं झुडूप. आमच्याकडे ते चहात उकळतात. मी काय म्हणायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. गाडी वर चढायची नाही, म्हणायचं. काकांनी लवकर बोलावलंय, म्हणायचं. थापा मारायला मी काही नवखा नव्हतो. पण सात वर्षांनी तो माणूस माझ्याकडे काहीतरी मागत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की त्याला नाही म्हणायचा मला धीर झाला नाही. मनाशी हिशेब केला, वरून गेलो तरी रात्री आठ-नऊपर्यंत पूल गाठू. स्टिअरिंग माझ्या हातात होतं. मीच वळवलं.

सरोवराच्या काठी गाडी सोडून आमच्या जुन्या जागेपर्यंत दोन तासांची चढण आहे. तो पुढे चालत होता, आणि सात वर्षं काँक्रीट ओतलेल्या माणसाची पावलं दहाव्या मिनिटाला पूर्वीसारखी पडायला लागली. मी मागे धापा टाकत होतो. दर टेकाडावर थांबून तो मला हिणवायचा: "ये रे सीदिक, बसून बसून तुझं बूड गाडीच्या सीटला चिकटलंय." आपाच्या चुलीचे तीन दगड तिथे अजून जागच्या जागी होते, काळे. तो त्यांच्याजवळ मांडी घालून बसला, हात पुढे केले, जसा काही जाळ आहे. मी तोंड फिरवलं आणि बुटात खडा गेल्याचं निमित्त केलं.

मग आम्ही गवत तोडलं. एक पोतं भरून. त्याने मला शिकवलं, फुलावर आलेलंच घे, देठ आखूड ठेव, आपाला लांब देठ आवडत नाहीत. मी देठ आखूड ठेवले. तिथेच कधीतरी मी त्याला सागिन काकांच्या गाढवाची गोष्ट सांगितली आणि तो गवतात आडवा होऊन पोट धरून हसला. त्या वेळी माझे वडील, काका आणि ओमोर कदाचित पुलाकडे चालायला लागले असतील. मी आणखी एक गोष्ट सांगितली.

उतरताना गारा आल्या. पाऊण तास आम्ही एका खडकाच्या आडोशाला बसलो. खाली आलो तर रस्त्याचा नुसता चिखल झालेला, माझी मिनीबस दोनदा आडवी गेली. खिंड चढणं अशक्य होतं. फोनला तिथे रेंज नाही. जवळच एसेनकुल नावाच्या मेंढपाळाचं युर्त होतं, तुरातच्या बापाचा जुना ओळखीचा. त्याने आम्हाला आत घेतलं, कोरडे कपडे दिले. आम्ही अंधार पडायच्या आतच आडवे झालो. मी मनात घोकत राहिलो, पहाटे निघालो तर तीन-चार तासांत गावात, माती दुपारी, अजून काही बिघडलेलं नाही.

आणि खरंच बिघडलं नव्हतं. पहाटे रस्ता वाळत आला होता. मी गाडी चालू करून तापवत ठेवली. तेवढ्यात एसेनकुल युर्ताच्या दारात आला, एका हाताने दोरी धरलेली, दोरीला मेंढा. सात वर्षांनी परतलेला पोर आपल्या दारावरून उपाशी जाणार नाही, म्हणाला. मेंढा दारात उभा करून पाहुण्याकडे आशीर्वाद मागायची आमची रीत आहे. पाहुण्यांनी तळहात उघडून पुढे धरले, आशीर्वाद म्हटला आणि हात तोंडावरून फिरवले की मेंढा पाहुण्यांचा. मग मांस शिजून, वाटे होऊन, खाऊन झाल्याशिवाय उठायचं नाही. त्याआधी, फक्त त्याआधी, पाहुणा नको म्हणू शकतो.

एसेनकुलला बाजूला घेऊन एक वाक्य सांगितलं असतं तर त्याने मेंढा तिथेच सोडला असता आणि स्वतः घोड्यावर पुढे निघाला असता. ते वाक्य माझ्या ओठांवर होतं. पण मग त्याने विचारलं असतं, आई घरात निजलेली असताना तू तिच्या पोराला इथे गवत तोडायला कशाला आणलंस? त्याला काय सांगणार होतो मी? एक लाज झाकायला मी दुसरी ओढून घेतली, साधी गोष्ट आहे. तुरातने तळहात उघडले. एसेनकुलने उघडले. मी खाली पाहिलं तर माझेही हात उघडे होते.

निघालो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

मोल्दो खिंडीतून उतरताना तुरातने गाणी लावली, आवाज वाढवला. मी बंद केली, त्याने पुन्हा लावली. पोतं त्याच्या मांडीवर, गाडीभर तोच वास. पूल आला. पुलावर कुणी नव्हतं. तेव्हा मला कळलं की झालं, आणि माझा पाय ब्रेकवर जायच्या ऐवजी होता तिथेच राहिला. तुरात माझ्या अंगावरून वाकला आणि त्याने हॉर्नवर तळवा दाबून धरला, वरातीत धरतात तसा.

"ऐकू जाऊ दे आपाला," तो म्हणाला.

वळणापलीकडे डाव्या हाताच्या टेकाडावरून, कबरस्तानातून, माणसं उतरत होती. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, जवळच्यांच्या कमरेला शेले. सगळी आमच्याकडे बघत उभी राहिली. पुढे सागिन काका, मागे माझे वडील. आणि त्यांच्या पलीकडे, ओमोरच्या घराच्या अंगणात, कुणी गेलं की उभारतात ते मयताचं युर्त उभं होतं. हॉर्न थांबला. गाणं चालूच होतं, ते मी बंद केलं.

"कोण?" तुरातने विचारलं.

तोंड कधी बंद नसलेला मी. माझ्याकडे बघून त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. तो उतरला, पोतं हातात तसंच. ओमोर हंबरडा फोडत त्याच्या गळ्यात पडला. तुरातने टाहो फोडायला हवा होता. तोंड उघडलं, आवाज फुटला नाही. युर्तातल्या बायकांचं रडगाणं थांबलं, त्या दाराकडे बघत राहिल्या. तो दारापर्यंत गेला आणि मुका उभा राहिला. सात वर्षांनी आलेला मुलगा, हॉर्न वाजवत आला आणि आईच्या दारात रडला नाही, असं दुसऱ्या गावांत अजूनही सांगतात. बोल त्याला लागला, काम माझं होतं.

काका माझ्या गाडीजवळ आले. मला वाटलं, आता थोबाडीत बसेल. "काल अंधार पडेपर्यंत आम्ही पुलावर होतो," एवढंच म्हणाले. माझे वडील तेवढंही बोलले नाहीत. त्या दिवसापासून ते माझ्या एकाही विनोदाला हसले नाहीत, आणि आम्ही एकाच घरात राहत होतो.

संध्याकाळी आलेल्या-गेलेल्यांसाठी चहा झाला. ओमोरच्या बायकोला काय माहीत, तिने पोत्यातलंच गवत उकळलं. तिने माझ्यासमोरही वाटी धरली. मयताच्या घरची वाटी परत करत नाहीत. मी प्यालो.

तिसऱ्या दिवशी तुरात माझ्या गाडीपाशी आला. मी सीटवर बसून होतो, घरात जायचं जिवावर आलं होतं. खिडकीत हात ठेवून उभा राहिला.

"देठ तूही तोडत होतास, सीदिक."

मी बोलायला लागलो. काकांनी सांगू नको म्हणून बजावलं होतं, रीतच तशी आहे, मी काय करणार होतो, गारा आल्या, मेंढा आला. त्याने मधे न तोडता सगळं ऐकून घेतलं.

"हो," तो म्हणाला. "सांगू नको म्हणाले होते." आणि गेला. उरलेलं तो बोललाच नाही. उरलेलं मला पाठ होतं.

तो रशियाला परत गेला नाही. डोंगर चढायला येणाऱ्या परदेशी लोकांना पायवाटांनी नेऊ लागला, पुढे एक जुनी जीप घेतली. आमचं काम एकमेकांत अडकलेलंच, मी त्या लोकांना सडकेने आणायचा, तो पुढे पायी न्यायचा. भेटला की हात दोन्ही हातांत घेऊन विचारपूस करायचा. सणाला जेवताना चांगला तुकडा माझ्या हातावर ठेवायचा. एकदा तरी त्याने माझी गचांडी धरावी असं मला फार वाटायचं. त्याने धरली नाही. आणि खोऱ्यात कुठेही कुणी गेलं, कुणाला लांबून आणायचं असलं, की हा न बोलावता जीप काढायचा. चहाला न थांबायची खोड ती हीच.

नऊ वर्षं गेली. मागच्या सप्टेंबरात मी चार परदेशी माणसांना घेऊन तीन आठवडे दक्षिणेच्या खिंडींतून हिंडलो. ओशपासून निघालो, एकेका डोंगरावर ते चढायचे आणि मी खाली पाणी तापवत बसायचो. बिश्केकला त्यांना सोडलं आणि घरची वाट धरली. कोचकोरच्या फाट्यावर तुरात जीपला टेकून उभा होता.

"तुझी गाडी इथे राहू दे," तो म्हणाला. "माझ्यात बस."

मी बसलो. आणि बोलायला लागलो. फ्रेंच बाईच्या तंबूत याक शिरला ते सांगितलं, डॉक्टरच्या चौथ्या लग्नाचं सांगितलं. मला कळलं होतं की नव्हतं? कळलं होतं. मी बोलतोय तोवर काही झालेलं नाही, असं मी धरून चाललो होतो. सामसे मिळतात त्या खिंडीवर म्हणालो, अरे, एक कप चहा तरी. त्याने गाडी नारिनच्या सडकेने सरळ नेली. तो हसला नाही, पण मला गप्पही केलं नाही.

पुलाच्या अलीकडे, पूल दिसायच्याही आधी, त्याने जीप थांबवली. मी त्याला असं मधेच थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं. खाली उतरून त्याने मागच्या सीटवरून माझाच लांब डगला काढला, माझ्या घरून आणलेला, आणि एक शेला.

"तुझे वडील," तो म्हणाला. "काल सकाळी. घरातच आहेत अजून. माती उद्या दुपारी."

"काकांनी सांगू नको म्हटलं असेल."

"म्हटलं."

शेला त्यानेच बांधला, गाठ घट्ट केली, टोपी सरळ केली. पुलावर काका आहेत, म्हणाला, मी सांगितल्याचं त्यांना कळेलच, ते माझ्यावर; ते सांगतील ते ऐकून घे. पण रडायला थोडं अंतर लागतं. इथून चालत जा.

मी चालायला लागलो. दहाएक पावलं नुसताच चाललो. मग माझ्या तोंडून तो आवाज निघाला जो पुरुषाच्या तोंडून निघतो तेव्हा त्याचा त्यालाच ओळखू येत नाही. वळणावर आलो, पूल दिसला, काठी टेकून उभे असलेले काका दिसले, आणि मी मोठ्याने बापाला हाका मारत होतो. ते हसले नव्हते ती नऊ वर्षं त्यात होती.

मागून जीपचा आवाज येईना. जीप त्याने तिथेच सोडली होती. त्याची पावलं मात्र ऐकू येत होती, जड नाहीत, चढावर पडतात तशी. आणि मग त्याचाही टाहो ऐकू आला. सोबत आलेल्याने रडावं ही रीतच आहे, तो रीतीनेच रडत होता. फक्त तो माझ्या बापाला हाक मारत नव्हता. आपा, म्हणत होता. आपा, आपा, पुलापर्यंत.

मी मागे वळून पाहिलं नाही. मला तोंडच नव्हतं.